कौसाकाकूंचं बसणं

कौसाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या उभ्यानं जेवत होत्या. खांदा दाराच्या चौकटीला टेकलेला, डाव्या तळहातावर भाकरी, भाकरीवरच पिठल्याचा गोळा, आणि नजर माझ्या सामानावर. सेनगावच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि काकूंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. टेम्पोतून गादी उतरत होती, पुस्तकांची खोकी उतरत होती, आणि घास चावता चावता काकू एकेका वस्तूची हजेरी घेत होत्या.

“मास्तरीण का तुमी?”

“हो.”

“पोरायला मारता का?”

“नाही.”

“मंग ते ऐकतात कसे काय तुमचं?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता आत तोंड करून सुनेला म्हणाल्या, “मीरा, मास्तरणीला च्या टाक गं. मारत न्हाई म्हणते, दमली असंल.”

चहा आला. मी एका खोक्यावर टेकले आणि माझी वेताची खुर्ची पुढं सरकवली. “बसा ना काकू.”

“बसते, बसते,” काकू म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. चहाही उभ्यानंच संपवला.

मला वाटलं, घाईत असतील. पण पुढं रोज पाहू लागले तर बाई बसतच नव्हती. तूर निवडायची तर सूप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्यानं. टीव्हीवरची मालिका उभ्यानं. शेतातून आलेल्या मुलाला, गजाननला, चार गोष्टी सुनवायच्या तर त्याही उभ्यानंच. थकल्या की थेट जाऊन कुशीवर पडायच्या. उभं राहणं आणि आडवं होणं यांच्यामध्ये माणसाची जी तिसरी अवस्था असते ती त्यांच्याकडे नव्हतीच. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा जिथं टेकायचा तिथं तेलकट काळा डाग पडला होता.

मी जरा तापट आहे. आठ-पंधरा दिवस “बसा, बसा” करून झालं आणि एका दुपारी माझा पारा चढला. म्हटलं, “काकू, माझ्या खुर्चीवर बसलं तर बाटणार आहात का तुम्ही? स्पष्ट सांगा. पुन्हा म्हणणार नाही.”

काकू आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसू आवरेना त्यांना. हसता हसता त्यांनी माझं दार आतून लावून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं मास्तरणी, बसायची जागाच जळली माझी.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘तुमी’ची ‘तू’ झाले.

झालं होतं असं. काकूंना खाली, बाईच्या जातीला जिथं दुखलं तर सांगायला तोंड नसतं तिथं, खाज सुटली. मग एक फोड आला. फोडाची जखम झाली. काकूंच्या घरची हळद, स्वतःच्या रानात पिकवलेली, शिजवलेली, वाळवलेली. हिंगोलीच्या बाजारात त्यांची हळद पाहून व्यापारी मान डोलवतात असं त्या अभिमानानं सांगायच्या. ती हळद आणि खोबरेल तेल लावत त्यांनी वर्ष काढलं. “सांगावं कुणाला? पोराला? का नांदेडच्या लेकीला फोनवर सांगू, बाई माझं असं झालंय मनून?” शेवटी मीरानं धुण्यातले डाग पाहिले आणि सासूला हाताला धरून दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किरणांचा शेक झाला. कॅन्सर गेला. पण शेकानं तिथलं कातडं चामड्यासारखं कडक झालं, चिरलं, आणि मधली जखम काही केल्या भरेना. बसलं की अंगाराला टेकल्यासारखं व्हायचं.

“जीव वाचला,” काकू म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू, वाचवला त्यायनी. पण वाचलेला जीव ठेवावा कुठं? उभ्यानं किती सांभाळू?”

हे दुःख दुसऱ्या कुणा बाईच्या वाट्याला आलं असतं तर कदाचित तिनं निभावून नेलं असतं. पण काकूंचा सगळा कारभारच बसून चालणारा. त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं, की जगातली निम्मी भांडणं माणसं उभ्यानं बोलतात म्हणून होतात. “बसलेल्या माणसाचा हात उगारला जात न्हाई,” असं त्या म्हणत. मीरानं मला सांगितलं होतं, एकदा नळावर दोन जावा एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या. काकूंनी दोन बादल्या पालथ्या घातल्या, दोघींना खांदे दाबून त्यांच्यावर बसवलं, आणि स्वतः मध्ये जमिनीवर बसून म्हणाल्या, “हां, आता भांडा.” बादलीवर बसून कोण भांडणार? दोघी आधी रडल्या, मग पाणी भरून घरी गेल्या.

आणि शेवया. काकूंची खरी कीर्ती शेवयांची. आता मशीन आली आहे, पण हाताच्या शेवयांची सर मशीनला नाही, असं आमच्या गल्लीचं एकमत होतं. बारीक खाचांचा एक लांब पाट असतो. त्याचं एक टोक बाजेवर उंच ठेवायचं, दुसरं खाली उतरतं. वरच्या टोकावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडं पाय सोडून बाईनं बसायचं आणि तिंबलेलं पीठ दोन्ही तळहातांनी पुढं पुढं घासत न्यायचं. खालच्या टोकातून शेवयांच्या तारा सुटतात, त्या दुसरीनं झेलायच्या आणि काठीवर वाळत टाकायच्या. पाट हलू न देण्याचं काम बसणारीच्या वजनाचं. काकू बसल्या की पाट खांबासारखा स्थिर, आणि तारा केसासारख्या बारीक. चैत्रात गल्लीतल्या प्रत्येक घरी एक दिवस काकूंचा असे. त्या पाटावर बसून त्यांनी किती लग्नं जमवली आणि किती सासवांना वठणीवर आणलं, याचे किस्से मीराकडे ढीगभर होते. मी राहायला आले त्याच्या आधीचा चैत्र मात्र कोरडा गेला होता. पाट माळ्यावर पडून होता.

रोगाची गोष्ट घरातल्या माणसांपलीकडे फक्त मला ठाऊक होती. बाहेर काकूंनी ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं. मग बसत का नाहीत, याचा उलगडा गल्लीनं आपल्या परीनं केला. शेजारच्या कमळामावशी भाबड्या आणि देवभोळ्या. नरसीच्या देवळात एकादशीच्या कीर्तनात काकू अख्खा वेळ मागे भिंतीशी उभ्या राहिल्या, ते पाहून मावशींनी मनाशी ठरवूनच टाकलं, की काकूंनी उभं राहण्याचा नवस बोललाय. काकू त्यावर हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. झालं, बातमी सेनगावभर.

हे मला कळलं हिंगोलीच्या एसटीत. काकूंना आणि मला बाजाराला जायचं होतं. गाडी भरलेली. एक कॉलेजातला मुलगा उठला आणि म्हणाला, “आजी, बसा.”

“तू बस रे लेकरा. म्या बरी हाय.”

कंडक्टरला राहवलं नाही. “आजी, बसून घ्या न. ब्रेक लागला तं पडताल.”

“डायवरला म्हणावं नीट चालव, म्हंजी न्हाई पडत.”

तेवढ्यात मागून एक बाई शेजारणीच्या कानात कुजबुजली, “त्यायचा नवस हाय, उभं ऱ्हायाचा.” कुजबुज पुढच्या बाकापर्यंत गेली. कंडक्टरनं काकूंसाठी दाराजवळचा दांडा मोकळा करून दिला. एका म्हातारीनं तर धडपडत उठून काकूंच्या पायाला हात लावला. काकूंनी तिला आशीर्वाद दिला, अगदी सराईतासारखा. मी खिडकीकडे तोंड करून हसू दाबत होते.

उतरल्यावर मी त्यांना धरलं. “काकू, हे काय सोंग?”

त्या गंभीर झाल्या. “सोंग न्हाई गं. रोग सांगितला तर माणसं दूर सरकतात. नवस सांगितला तर जागा देतात. मला बसाया जागा न्हाई, मंग उभं ऱ्हायाला तरी असू दे.”

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागले.

पुढच्या तपासणीला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जाताना मीराबरोबर मीही गेले. कॅन्सर कुठंच नव्हता. पण जखमेसाठी तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. तिशीतला मुलगा, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं हळू. तपासताना काकूंपेक्षा तोच जास्त संकोचलेला.

“शरमून राहिले का डॉक्टर?” काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. “मी तुमच्या आजीच्या वयाची हाय. पाहा नीट. इतक्या लांबून आले, वरवर पाहून कसं चालंल?”

डॉक्टर हसले आणि मग मोकळेपणानं समजावून सांगू लागले. शेकानं तिथलं कातडं निकामी झालंय. तिथवर रक्तच नीट पोचत नाही, म्हणून कितीही मलम लावलं तरी ते भरणार नाही. ते काढून टाकायचं आणि मांडीच्या आतल्या बाजूचं चांगलं कातडं, खालच्या मांसासकट, वळवून त्या जागी बसवायचं. मात्र त्याची रक्ताची नळी तोडायची नाही. ती मुळाशी जोडलेलीच ठेवायची.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. “म्हंजी दोडक्याचा वेल आपल्या कुडावर चढलेला हाय, तो शेजारच्या कुडावर वळवायचा. मूळ न्हाई उपटायचं.”

“अगदी बरोबर.”

“मंग सोपं हाय.”

“सोपं नाही, आजी. कधी कधी वळवलेला वेल सुकतोही.”

काकूंनी मान हलवली. हे शेतकऱ्याच्या बाईला पटण्यासारखंच होतं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “एकच विचारते. मला शेवयाच्या पाटावर बसता येईल का?”

डॉक्टर कोकणातले. तिकडं हा पाट कुणी पाहिलेला नाही. काकूंनी त्यांच्या खोलीतलं स्टूल ओढलं, दोन्ही बाजूंना पाय टाकून, टेकवत नाही म्हणून गुडघ्यांत वाकून त्याच्यावर अधांतरी राहिल्या आणि रिकाम्या हवेत तळहात पुढंमागं घासून दाखवू लागल्या. “असं. दुपारभर.” पाय थरथरत होते त्यांचे. मीरानं खाली पाहिलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “खुर्चीवर बसाल, जेवायला बसाल, एसटीत बसाल. तेवढी मला आशा आहे. पण पाटावर, असं... ते मी आज सांगू शकत नाही.”

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, “पोरगं बरं हाय. लगेच हो म्हणलं असतं तर मी परत आले नसते.”

घरी गजानननं विरोध केला. आईवर जीव होता त्याचा, म्हणूनच केला. “माय, जीव वाचला न? आता निस्तं बसायसाठी इतकी मोठी चिरफाड काहून? काही झालं मंजी?”

काकू चौकटीला टेकून उभ्या होत्या. “गजू, तू शेतातून आला की आधी काय करतो?”

“बसतो.”

“मंग?”

गजाननची नजर आपल्या दुमडलेल्या पायांकडं गेली. तो स्वतः ओसरीवर बसलेला होता, हे त्याच्या लक्षात आलं असावं. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं. मी माहेरी जायचं रद्द करून बरोबर गेले.

ऑपरेशन नीट पार पडलं. खरी काळजी त्यानंतर सुरू होते, हे आम्हाला तिथं कळलं. वळवून आणलेलं कातडं नव्या जागी जगतंय की नाही, हे त्याच्या रंगावरून समजतं. म्हणून पट्टीत एक खिडकी ठेवली होती. डॉक्टर आणि सिस्टर पुन्हा पुन्हा येत, त्या खिडकीतून बोटानं दाबून पाहत. दाबलं की फिकं, सोडलं की गुलाबी. पांढरंफटक राहिलं तर रक्त येत नाही, निळंकाळं पडलं तर आलेलं रक्त परत जात नाही. काकूंना कुशीवर, पायांत उशा देऊन झोपवलेलं. बसायचं तर नावच नको. प्रत्येक वेळी डॉक्टर वाकले की मीरा आणि मी कातड्याकडं नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहत असू.

आणि तिसऱ्या की चौथ्या सकाळी सिस्टरनं चादर वर केली आणि ती ओरडलीच, “अगं बाई! हे पिवळं काय झालं?”

डॉक्टर धावत आले. ते सगळं कातडं, शिवणीसकट, लख्ख पिवळं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ते खाली वाकले, आणि मग वास आला. काकूंनी उशीखालून छोटीशी पुडी काढून दाखवली. घरची हळद. गावाहून निघताना कमरेच्या पिशवीत घालून आणलेली.

“निस्ती चिमूटभर लावली,” काकू म्हणाल्या. “लवकर जुळावं मनून.”

मला हसावं की रडावं कळेना. सिस्टर सलाईननं धुवू लागली. पण ती हिंगोलीची हळद, तिचा रंग काय असा धुण्यानं जातो? दाबलं तरी पिवळं, सोडलं तरी पिवळं. खाली काय चाललंय ते दिसेना. शेवटी डॉक्टरांनी एक बारीक सुई मागितली आणि त्या पिवळ्या कातड्याला हलकेच टोचली. मीरानं माझं मनगट इतकं आवळलं, की वळ उठला.

एक थेंब वर आला. लाल. ताजा, लालभडक.

डॉक्टर मागच्या स्टुलावर धपकन बसले.

“बसा, बसा,” काकू म्हणाल्या. “तुमी तरी बसा.”

मग मात्र डॉक्टर रागावले. आवाज न चढवता, पण चांगलेच. काकूंनी हळदीची बाजू घेऊन पाहिली: “हळद वाईट न्हाई डॉक्टर, रानातली हाय आमच्या.” ते म्हणाले, “हळद कशीही असो, उघड्या शिवणीवर घरचं काहीच लावायचं नाही. आणि मला तो रंग दिसलाच पाहिजे, आजी. त्याच्याशिवाय मी आंधळा आहे.” काकूंना ते पटलं. मग पुडी त्यांच्या हातात देत म्हणाल्या, “मंग ही तुमच्या घरी न्या. भाजीत टाका.” डॉक्टरांनी ती खिशात घातली. त्यानंतर दवाखान्यात कुणी भेटायला येऊन अंगारा काढला किंवा तेलाची बाटली काढली की सिस्टरच्या आधी काकूच ओरडत, “हात लावू नका! डॉक्टरला रंग दिसला पायजे.”

घरी सोडण्याआधी सिस्टरनं त्यांच्या हातात आरसा दिला. रोज स्वतः पाहायचं, रंग बदलला तर फोन करायचा. काकू आरसा हातात धरून गोंधळल्या. “बाई, इतकं वय झालं, पण आपल्याच गावातली ही गल्ली म्या कधी पाह्यली न्हाई.” सिस्टर हसली, आम्हीही हसलो. मग काकूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हसू हळूहळू विझलं आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“तसं बरं केलंय पोरानं,” त्या म्हणाल्या. “सुंदर न्हाई. पण जिवंत हाय.”

घरी आल्यावर सगळं गुण्यागोविंदानं झालं असं नाही. शिवणीचा एक कोपरा काळा पडला. तेवढा भाग काढावा लागला, मग रोजची पट्टी आली. ती मीरा करायची. सुरुवातीला मान वळवून, नंतर सरळ पाहून, भाजी चिरताना बोलावं तसं सासूशी बोलत. थंडी गेली तेव्हा कोपरा भरला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आता मऊ उशी घेऊन थोडं थोडं बसा. माझ्या वेताच्या खुर्चीवर उशी ठेवली आणि काकू टेकल्या. मी विचारलं, “दुखतंय का?” म्हणाल्या, “गंमत सांगू का? बसले खाली, आन वाटून राहिलं मांडीला काहीतरी लागल्यावानी. वेलाला वाटत असंल, अजून जुन्याच कुडावर हाव.” आणि तशाच बसून राहिल्या. मीरानं आतून गजाननला हाक मारली. तो आला, आईला खुर्चीत बसलेलं पाहिलं, आणि काही काम आठवल्यासारखं करून परत बाहेर गेला.

चैत्र आला. एका सकाळी काकूंनी गजाननला माळ्यावरून पाट काढायला लावला.

कमळामावशींच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. गल्लीतल्या सात-आठ बाया जमल्या होत्या. माझी शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, मीही गेले. पीठ तिंबून ओल्या फडक्याखाली झाकलेलं. मीरानं पाटाच्या वरच्या टोकावर गोधडीची घडी ठेवली. काकूंनी लुगड्याचा काष्टा सावरला, माझ्या खांद्यावर एक हात ठेवला, एक पाय पलीकडे टाकला. मग हळूहळू, अगदी हळूहळू, सगळं वजन खाली सोडलं.

खांद्यावरचा हात घट्ट झाला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते, दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहायचे तशी. ओठ दाबलेले, डोळे मिटलेले. मग हात सुटला.

“पीठ द्या,” काकू म्हणाल्या.

पहिल्या तारा जाड आल्या, तुटल्या. काकूंनी स्वतःलाच एक शिवी दिली. दुसऱ्या गोळ्याला हात बसला आणि खालून केसासारख्या शेवया सुटू लागल्या. कमळामावशींना भरून आलं. त्या घरात धावत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. “नवस फिटला गं कौसाबाईचा! धरा, वाढवा नारळ!”

आता काकू हसून नारळ घेतील आणि विषय संपेल, असं मला वाटलं. सोयीचं तेच होतं. पण काकूंचे हात थांबले नाहीत, आणि त्या पाटावर बसून, तारांवरची नजर न काढता बोलू लागल्या.

“कमळे, नवस-बिवस काही नव्हता. मला खाली कॅन्सर झालता.”

काकूंनी सगळं सांगितलं. खाज, फोड, वर्षभर लावलेली हळद, मीरानं पाहिलेले डाग, शेक, जखम, दोडक्याचा वेल. आरशातली गल्लीसुद्धा सांगितली. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी हसलं, कुणी हसता हसता डोळे पुसले. “पोटाचं म्हणत व्हते मी. पोटाचं नव्हतं. वर्षभर तोंड दाबून बसले, मनून इतकं झालं. पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर इतकं कापाया लागलं नसतं, डॉक्टरनं सांगितलं मला. तुमी कुणी हळद लावत बसू नका. तोंड उघडा.”

कमळामावशी नारळ हातात घेऊन उभ्या. बिचाऱ्यांचा चेहरा पडला होता. “मंग मी इतक्या एकादशीला तुमच्या नवसाचं साकडं घातलं, ते?”

काकूंनी पहिल्यांदाच हात थांबवला. “ते पोचलं, कमळे. न्हाईतर मी आज इथं बसले असते का? फोड तो नारळ.”

नारळ फुटला, शेवया काठ्यांवर चढल्या, ऊन उतरलं, बाया पांगल्या. गल्लीच्या टोकाला राहणारी एक तरुण सून मात्र रेंगाळली. पाट पूस, फडकं झटक, असं उगाच करत होती. काकूंनी तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि काही न विचारता तिला आमच्या घराकडं घेऊन गेल्या. मी मागून सामान आणत होते. खोलीचं दार लागायच्या आधी काकूंचा आवाज आला, “बस माय. आधी बस. मंग सांग.”

पुढच्या आठवड्यात मीरा तिला घेऊन दवाखान्यात गेली. साधंच काही निघालं, औषधानं बरं झालं. पण ती वेळेवर गेली होती.

त्यानंतर मी सेनगावात आणखी दोन चैत्र पाहिले. दोन्ही काकूंचे होते. मग माझी परभणीला बदली झाली. काकू आता नाहीत. मी गेल्याच्या पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं गेल्या, गजाननचा फोन आला होता. जुनं दुखणं काही परत आलं नव्हतं.

निघायच्या दिवशी पुन्हा तोच टेम्पो, तीच गादी, तीच खोकी. वेताची खुर्ची मी मुद्दामच चढवली नाही. मीरानं माझी ओटी भरली. कमळामावशी, गजानन, गल्लीतली पोरं, सगळी टेम्पोपर्यंत आली. आपल्याकडं जाणाऱ्याला पोचवायला माणूस उठून चार पावलं तरी येतंच. मी मागं वळून पाहिलं. काकू दारात माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात भाकरी. मागं चौकटीवरचा तो काळा डाग अजून तसाच होता.

“काकू, येते मी,” मी ओरडले.

काकूंनी भाकरीचा हात वर केला.

“ये गं मास्तरणी. मी उठून येत न्हाई हां, राग धरू नको. लई उभी राह्यले मी.”